तांबडे दाणे, केसाळ शेवाळ आणि खानापूरची माती

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. आमच्या टिळकवाडीतल्या घरातून समुद्र पाहायचा तर चोर्ला घाट उतरून गोवा गाठावा लागतो, नाहीतर आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जावे लागते. तरीही गेली पाच वर्षे आमच्या बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दगड आणि वाळूची जागा सोडली तर तिच्यात साधारण 200 लिटर पाणी मावते. दोन क्लाउनफिश, एक डॅम्सेल, वाळूत बीळ करून राहणारा एक गोबी आणि काही टर्बो गोगलगायी असा तिचा संसार आहे. प्रवाळ मी ठेवलेले नाहीत. आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तो विचार मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला. क्लाउनफिशची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या मंडपम येथील केंद्राने त्यांची पैदास बंदिस्त टाक्यांत यशस्वी केली आहे आणि अशा पैदाशीतले मासे घेतले की समुद्रातून एकही मासा कमी होत नाही.

या टाकीत दोन वर्षांपूर्वी केसाळ हिरवे शेवाळ माजले. ते घालवण्यासाठी मी शेवाळाचे खाद्य असलेले फॉस्फेट पाण्यातून काढणारा मीडिया, म्हणजे पाणी ज्यातून फिरवायचे असे दाणे, वापरला, तो चुकीच्या पद्धतीने वापरल्यामुळे शेवाळापेक्षा मोठे संकट ओढवून घेतले, आणि त्यानंतर तोच मीडिया नीट वापरून टाकी सावरली. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आपल्या भागात थोडे आहेत, आणि जे आहेत त्यांना दुकानात बहुधा एवढेच सांगितले जाते की हे पाकीट टाका, शेवाळ जाईल. ते तसे जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात गणपतीत झाली. घरी पाहुण्यांची मुले आली होती आणि माशांना खायला घालणे हा त्यांचा दिवसभराचा उद्योग झाला होता. मासे काचेजवळ येतात, तोंड उघडतात, आणि मुलांना वाटते की त्यांना भूक लागली आहे. मीही अडवले नाही. विसर्जनानंतर दोन-तीन आठवड्यांत दगडांवर पोपटी लव दिसू लागली आणि दिवाळीपर्यंत तिचे दोन-दोन इंच लांबीचे केस झाले. ते पंपाच्या प्रवाहात एका बाजूला झुकून हलत असत. दिसायला ते वाईट नव्हते, पण त्या केसांत अन्नाचे कण आणि विष्ठा अडकून राहत होती, गोगलगायी त्या बाजूला जाईनाशा झाल्या होत्या आणि दगडांवरचे गुलाबी कोरलाईन शेवाळ, जे आपल्याला हवे असते, ते त्याखाली झाकून पांढरे पडत चालले होते.

मी आधी हाताने उपटले. जुन्या टूथब्रशने दगड घासले, सुटलेले तुकडे बारीक नळीने ओढून बादलीत घेतले, दिवे दहा तासांऐवजी सात तास ठेवले. आठ दिवस टाकी स्वच्छ दिसायची आणि पुन्हा तीच लव. बाजारातल्या दुकानदाराने, जो माझ्याशी मराठीत आणि नोकराशी कन्नडमध्ये बोलतो, टाकीचा फोटो पाहून ‘ही पाची (म्हणजे शेवाळ) फॉस्फेटची आहे’ एवढेच सांगितले आणि ते बरोबर होते. माझ्याकडे फॉस्फेट मोजण्याचे जे किट होते ते गोड्या पाण्याच्या टाकीसाठीचे होते. त्याच्या रंगांच्या पट्टीवर शून्य आणि पुढची पायरी यांच्यामध्ये एवढे अंतर होते की खाऱ्या पाण्याला जे प्रमाण जास्त होते ते तिथे शून्यासारखेच दिसत होते. शिवाय शेवाळ दाट असले की पाण्यात आलेले फॉस्फेट ते लगेच शोषून घेते, त्यामुळे टाकी हिरवीगार आणि चाचणी मात्र कोरी, असा अनुभव पुष्कळांना येतो. चाचणीत काही नाही म्हणजे टाकीत काही नाही असे समजण्याची घाई करू नये.

शेवटी पुण्याहून छोटा डिजिटल मीटर मागवला. तो पाण्यातला फॉस्फरस अब्जांश भागांत दाखवतो. त्या आकड्याला 3.066 ने गुणले आणि हजाराने भागले की फॉस्फेटचे दशलक्षांश भागांतले प्रमाण मिळते. पहिल्या दिवशी मीटरवर 196 आले, म्हणजे फॉस्फेट 0.60. समुद्रातल्या प्रवाळ खडकांवरच्या पाण्यात हे प्रमाण 0.03 पेक्षाही कमी असते आणि घरच्या टाकीत 0.03 ते 0.1 च्या दरम्यान राखले तर बहुतेकांचे नीट चालते. मीटर वापरताना एक पथ्य पाळावे लागते: काचेची कुपी बाहेरून मऊ कापडाने पुसून कोरडी करावी, कारण बोटाचा ठसा किंवा आतल्या बाजूला चिकटलेला एक बुडबुडासुद्धा आकडा वाढवतो. मी अजूनही प्रत्येक मोजणी दोनदा करतो.

आता हे 0.60 आले कुठून, याचा हिशोब मांडायला मला आवडले, कारण उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत माझे दिवसभराचे काम वितळलेल्या लोखंडातले कार्बन, सिलिकॉन आणि फॉस्फरस मोजण्याचेच आहे. बिडाच्या ओतकामात फॉस्फरस वाढला की माल ठिसूळ होतो, म्हणून त्याच्यावर आमची करडी नजर असते. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस धरला, तर एक ग्रॅम खाद्याबरोबर 10 मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे 30 मिलिग्रॅम फॉस्फेट टाकीत जाते. 200 लिटर पाण्यात ते सगळे विरघळले तर प्रमाण 0.15 ने वाढते. एका ग्रॅमने! त्यातले काही माशांच्या अंगी लागते, काही स्किमर या घाण काढणाऱ्या यंत्रातून फेसाबरोबर बाहेर पडते, काही नळीने गाळ ओढताना निघते. पण मुलांच्या चिमटीतून आठ-दहा दिवस जे पडले त्याचा उरलेला भाग टाकीतच राहिला होता.

गोठवलेल्या कोळंबीबाबत एक गोष्ट मला उशिरा कळली. बेळगावच्या बाजारात गोवा, कारवार आणि वेंगुर्ल्याकडून ताजी मासळी येते, ती चांगली असते. पण पाकीटबंद गोठवलेली सोललेली कोळंबी पाणी धरून राहावी म्हणून अनेकदा फॉस्फेटच्या क्षारात बुडवलेली असते. पाकिटावर ट्रायपॉलीफॉस्फेट किंवा ई 451 असे लिहिलेले असेल तर ती टाकीत घालू नये. गोठवलेले खाद्य वितळवून ते पाणी फेकून देण्याची पद्धत चांगली आहे, मीही ती पाळतो, मात्र त्याने सगळे साधते असे मानू नये, कारण बहुतेक फॉस्फरस मांसात असतो, वितळलेल्या पाण्यात नव्हे.

नळाच्या पाण्यावर मी आधी संशय घेतला होता. शहराला राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून पाणी येते, आणि पावसाळ्यात ते कधी गढूळही असते. परंतु माझे सगळे पाणी आरओ आणि त्यानंतर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनमधून जाते, शेवटी विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो, आणि त्या पाण्यात मीठ मिसळून मोजल्यावर फॉस्फेट आढळले नाही. ज्यांच्याकडे डीआय नाही त्यांच्या टाकीत सिलिकेट येऊन काचेवर तपकिरी थर बसतो. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि त्याचे कारण वेगळे असते.

खरा साठा दगडात होता. माझे निम्मे दगड हुबळीच्या एका गृहस्थांनी टाकी मोडली तेव्हा त्यांच्याकडून घेतलेले होते, वाळलेले, पांढरे, वरून अगदी स्वच्छ. मी त्यातला एक दगड घासून, एका बादलीत नव्याने केलेल्या खाऱ्या पाण्यात छोटा पंप लावून आठवडाभर ठेवला. बादलीत ना मासा, ना खाद्य, ना उजेड. पहिल्या दिवशी त्या पाण्यात फॉस्फेट 0.01 होते, आठव्या दिवशी 0.38. त्या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट बसते. पाण्यात फॉस्फेट जास्त असले की दगड ते घेतो, पाण्यातले कमी झाले की परत सोडतो. आधीच्या टाकीत वर्षानुवर्षे साठलेले माझ्या दगडांत होते आणि मी आठवड्याला वीस टक्के पाणी बदलून ते घालवायला निघालो होतो. पाणी बदलले की 0.60 चे 0.48 होणार आणि दोन दिवसांत दगड ते पुन्हा वर आणणार.

या ठिकाणी मीडियाचा उपयोग सुरू होतो. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक पांढऱ्या मण्यांचा, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. दुसरा गडद तांबड्या-काळ्या दाण्यांचा, फेरिक ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा, ज्याला सगळे जीएफओ म्हणतात. लँथॅनम क्लोराइडचा द्रवही वापरतात. तो फॉस्फेटशी मिळून बारीक साका तयार करतो, पण तो साका अगदी बारीक गाळणीत अडवला नाही तर माशांच्या कल्ल्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून घरच्या टाकीत मी तो वापरलेला नाही. लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे मुळात पिण्याच्या पाण्यातले आर्सेनिक काढण्यासाठी वापरले जातात. पश्चिम बंगालमध्ये हातपंपांना जोडलेल्या गाळण्यांत असाच माल भरलेला असतो. आर्सेनेट आणि फॉस्फेट रासायनिकदृष्ट्या इतके सारखे आहेत की जो दाणा एकाला धरतो तो दुसऱ्यालाही धरतो. दाण्याच्या पृष्ठभागावर लोखंडाला चिकटलेले हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांची जागा फॉस्फेट घेते आणि घट्ट बसते. सगळ्या जागा भरल्या की दाणा संपला. तो दिसायला पहिल्यासारखाच राहतो.

आता माझी चूक. पाकिटावर लिहिलेले पूर्ण प्रमाण, 200 ग्रॅम, मी एकदम रिॲक्टरमध्ये भरले. रिॲक्टर म्हणजे उभी नळकांडी. खाली-वर स्पंज, पाणी खालून शिरते, दाण्यांच्या थरातून वर चढते आणि संपमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या पाण्याच्या हौदात, पडते. दाणे आधी आरओच्या पाण्यात धुवावे लागतात. पहिले पाणी असे लाल आले की पहिल्या पावसात खानापूरच्या ओढ्याला येते तसे. चार-पाच वेळा धुतल्यावर ते निवळले. एवढे मी नीट केले, आणि पंप पूर्ण सोडला. चौथ्या दिवशी फॉस्फेट 0.09 होते. दहाव्या दिवशी मीटरवर 2 आले, म्हणजे 0.006, म्हणजे त्या मीटरच्या दृष्टीने काहीच नाही. केसाळ शेवाळ पांढरट होऊन तुटू लागले होते आणि मला फार आनंद झाला होता. त्या आनंदात मी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची क्षारता, मोजली नाही. मोजली तेव्हा ती 8.6 वरून 7.1 डीकेएचवर (हे तिचे एकक) आली होती. पाण्यातून फॉस्फेट इतक्या वेगाने निघून जाते तेव्हा असे घडू शकते, शिवाय दाण्यांवरच कॅल्शियम कार्बोनेट बसू लागते आणि थर दगडासारखा जमतो. माझ्या रिॲक्टरच्या तळाशी बोटभर जाडीची तशी वडी तयार झाली होती.

तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी, चिकट, दोऱ्यांसारखा पदार्थ आला आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी दिवे लागण्याआधी वाळू स्वच्छ असे, दुपारी ती पुन्हा माखलेली. रात्री नाहीसे होऊन दिवसा परतणे ही डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांची खूण आहे. एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या मित्राने त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. थेंबासारख्या आकाराच्या पेशी एका टोकाला बांधल्यासारख्या जागच्या जागी गोल फिरत होत्या. तो त्यांच्यातलाच ऑस्ट्रिऑप्सिस होता, आणि त्याचे विष गोगलगायींना मारू शकते. नऊपैकी सहा गोगलगायी आठ दिवसांत उलट्या पडलेल्या सापडल्या. त्या मी एकेक उचलून काढल्या आणि ती सकाळ मला अजून आठवते. पाण्यात नायट्रेट, म्हणजे शेवाळाचे दुसरे खाद्य, आधीच कमी होते, फॉस्फेट मी शून्यावर आणले, आणि साध्या शेवाळाला व जिवाणूंना जगायला काही उरले नाही तेव्हा ही जागा त्या जीवाने घेतली. शेवाळ निदान उपटता येते.

मी रिॲक्टर बंद केला आणि त्यातले दाणे वर्तमानपत्रावर पसरून गॅलरीत वाळत घातले. त्याच दिवशी खानापूरहून मामा आले होते. त्यांचे तिथे भाताचे रान आणि थोडे काजू आहेत. चहा झाल्यावर ते गॅलरीत गेले, ओले दाणे चिमटीत घेऊन त्यांनी बोटांत चुरडले, तांबडा झालेला अंगठा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, ‘‘हा तर आपला जांभाच की रे. वाळत कशाला घातलायस?’’

मी त्यांना सांगितले की हे पाण्यातला फॉस्फेट धरायला आणले होते. शब्द त्यांना लगेच कळला, कारण शेतकरी त्याला स्फुरद म्हणतो आणि नत्र, स्फुरद, पालाश हे त्यांच्या रोजच्या बोलण्यात असते.

‘‘मग ते सांगायला तुला पाकीट कशाला पाहिजे होतं?’’ मामा म्हणाले. ‘‘आमच्या तांबड्या रानात सुपर फॉस्फेट फेकून टाक, माती सगळं खाऊन बसते, पिकाला काही मिळत नाही. म्हणून आम्ही ते फेकत नाही, बियाच्या खाली पेरून देतो, शेणखताबरोबर. जेवढी माती कमी लागेल तेवढं बरं.’’

मी हे वाक्य ऐकून घेतले आणि रात्री झोपेपर्यंत ते डोक्यातून गेले नाही. जांभ्या मातीत लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात, आणि ती स्फुरद धरून ठेवतात, म्हणूनच अशा रानात मक्याची कोवळी पाने कधी जांभळट दिसतात. माझ्या पाकिटातल्या दाण्यांचे आणि पांढऱ्या मण्यांचे रसायन तेच आहे. पण मामांच्या बोलण्यातला खरा मुद्दा रसायनाचा नव्हता, स्पर्शाचा होता. किती माती किती खताला लागते यावर किती स्फुरद अडेल हे ठरते. मामा तो स्पर्श जाणूनबुजून कमी करतात, आणि मी पाण्याचा प्रत्येक थेंब जास्तीत जास्त दाण्यांवरून जास्तीत जास्त वेगाने फिरवला होता. मीडिया किती घालायचा आणि त्यातून किती पाणी जाऊ द्यायचे, या दोन गोष्टी म्हणजे माझ्या हातातली पाभर, पेरणीचे अवजार, होती आणि मी ती वापरलीच नव्हती.

आपल्या जिल्ह्याची जमीन पाहिली तर ही गोष्ट आणखी पुढे जाते. पश्चिमेला खानापूरकडे तांबडी जांभी माती, पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळे रान. काळ्या रानातही स्फुरद अडतो, पण तिथे तो लोखंडाला नव्हे, चुन्याला बांधला जातो. माझ्या टाकीत दोन्ही प्रकारच्या जमिनी एकत्र आहेत: रिॲक्टरमधले लोखंड आणि खाली रचलेला चुन्याचा दगड. दाणे पाण्यातून घेतात, दगड पाण्याला देतो, आणि मीटर पाण्यातला आकडा दाखवतो तेव्हा तो या दोघांच्या ओढाताणीतला त्या क्षणाचा आकडा असतो. दगडातला साठा काढायला महिने लागणारच. ते महिने द्यायचे नसतील तर मीडिया वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी टाकी सावरायची होती. मीडिया बंद, तीन दिवस टाकीवर काळे कापड, संपच्या वाटेवर यूव्ही दिवा, कारण हा जीव रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो आणि तेव्हाच तो दिव्याखालून जातो. माशांना नेहमीसारखे खाऊ घातले, स्किमर दिवसाआड चालवला, आणि दगडांनी फॉस्फेट हळूहळू 0.08 पर्यंत परत आणले. नायट्रेट 5 च्या आसपास आले. दोन महिन्यांनी वाळू दुपारीही स्वच्छ राहू लागली. काचेवर साध्या हिरव्या शेवाळाचा पातळ थर दिसला त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्याकडे समाधानाने पाहिले.

दुसऱ्या वेळी मी 40 ग्रॅम दाणे घेतले, पहिल्या वेळेच्या एक पंचमांश. तेव्हा फॉस्फेट पुन्हा चढून 0.31 झाले होते आणि केसही परतले होते. पंपाची चकती इतकी फिरवली की दाण्यांच्या थराचा फक्त वरचा पृष्ठभाग, मंद आचेवर भात शिजताना हलतो तेवढाच हलावा. प्रवाह याहून जोराचा असला तर दाणे एकमेकांवर घासून पीठ होते आणि टाकीत तांबडी धूळ उतरते. याहून कमी असला तर थर आवळतो आणि पाणी एकाच फटीतून वाट काढते, बाकीचे दाणे कोरडे राहिल्यासारखे निरुपयोगी पडतात. दर रविवारी सकाळी दिवे लागण्यापूर्वी दोन नमुने घ्यायचे, एक टाकीतला आणि एक रिॲक्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीतला. दोन्हींत फरक आहे तोवर दाणे काम करत आहेत. दोन्ही आकडे सारखे झाले की ते भरले, मग दिनदर्शिकेकडे न पाहता बदलायचे. पाकिटावर ‘महिन्याने बदला’ लिहिलेले असते, पण माझ्या पहिल्या 40 ग्रॅमचे काम सोळा दिवसांत संपले, कारण दगड भरभरून देत होता, आणि आताचे 40 ग्रॅम सात आठवडे चालते. या दोन आकड्यांतच दगड किती रिकामा झाला हे मला कळते.

आठवड्याला 0.03 ते 0.04 पेक्षा जास्त उतरू द्यायचे नाही, असे मी ठरवले होते. एकदा ते जास्त उतरले तेव्हा रिॲक्टर चार दिवस बंद ठेवला. अल्कलिनिटी त्याच रविवारी मोजायची. 0.05 खाली गेले की दाणे निम्मे करायचे, शून्याकडे कधीच जाऊ द्यायचे नाही. अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी समुद्रातल्या प्लवकांत नायट्रोजन आणि फॉस्फरसचे प्रमाण अणूंच्या हिशोबात 16 ला 1 असे मांडले. नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात ते साधारण 10 ला 1 होते. टाकीत हे प्रमाण काटेकोर धरण्याची गरज नाही, पण एक शून्य आणि दुसरे भरपूर अशी अवस्था धोक्याची, हे माझ्या सहा गोगलगायींनी दाखवून दिले आहे.

या सगळ्या काळात उपटणे थांबवले नाही. हे आवर्जून सांगतो, कारण मीडिया लावला की लोक हात आखडता घेतात. दाणे शेवाळ मारत नाहीत. ते त्याच्या पुढच्या जेवणावर बंदी आणतात. दगडावर वाढलेले शेवाळ जागेवरच कुजले तर त्यातला स्फुरद पुन्हा पाण्यातच येतो आणि दाण्यांचे काम दुप्पट होते, तेच मुठीने उपटून बादलीत टाकले तर तेवढा स्फुरद कायमचा टाकीबाहेर गेला. मी दर आठवड्याला एकच दगड बाहेर काढून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत ब्रशने घासत असे, म्हणजे सुटलेले धागे टाकीत पसरत नाहीत. एका कोपऱ्यात पिसासारख्या फांद्यांचे गर्द हिरवे ब्रायॉप्सिस होते; त्याला कमी फॉस्फेटने काही फरक पडला नाही, तो दगडच शेवटी काढून टाकावा लागला. सगळी हिरवी शेवाळे एकसारखी वागत नाहीत.

खाद्यही मोजून घालतो. दागिन्यांच्या वजनाचा छोटा काटा आहे, त्यावर दिवसाला अर्धा ग्रॅम, तेही दोन वेळा. गणपतीत पाहुण्यांच्या मुलांसाठी मी आता सात छोट्या डब्या भरून ठेवतो, एका दिवसाला एक डबी. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचे खाणे संपले. मुलांना ते अगदी पटते, कोणाची पाळी आहे यावरून भांडण तेवढे होते.

मामांनी मागच्या खेपेला विचारले की भरलेले दाणे काजूच्या बुंध्यात घातले तर चालतील का, स्फुरद तर त्यात आहेच. मी नको म्हटले. त्यात मीठ आहे, आणि जो स्फुरद लोखंडाने एवढा घट्ट धरला आहे तो त्यांच्या तांबड्या मातीत तर अजिबातच सुटणार नाही. ‘‘म्हणजे माझ्या रानात आधीच आहे तेच तू मला परत देतोयस,’’ असे म्हणून त्यांनी तो विषय सोडला. बादलीतले हिरवे शेवाळ मात्र दोन-तीन पाण्यांत धुऊन, मीठ घालवून आम्ही आता परसातल्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकतो.

गेल्या रविवारी टाकीत 0.06 होते आणि नळीत 0.04. हुबळीच्या दगडांपैकी सर्वांत मोठ्यावर, जिथे दोन इंचांचे केस होते, तिथे नखाएवढ्या गुलाबी कोरलाईनच्या चकत्या आल्या आहेत आणि उरलेल्या तीन गोगलगायी रात्री त्याच दगडावर असतात. दोन्ही आकड्यांतला फरक कमी होत चालला आहे, त्यामुळे येत्या दोन आठवड्यांत दाणे बदलावे लागतील. या वेळी 30 ग्रॅमच घालणार आहे.